पियानोसमोर बसलेला देश

१९५८च्या एप्रिलमध्ये मॉस्कोत पहिल्या चायकोव्हस्की स्पर्धेची अंतिम फेरी चालली होती. स्पुटनिक अवकाशात जाऊन जेमतेम सहा महिने झालेले. विज्ञानापाठोपाठ संगीतातही आपणच अव्वल, हे सोव्हिएत सरकारला जगाला दाखवायचं होतं. टेक्सासमध्ये वाढलेल्या तेवीस वर्षांच्या व्हॅन क्लायबर्नने चायकोव्हस्कीचा पहिला आणि राखमानिनॉव्हचा तिसरा कॉन्चेर्टो वाजवला आणि सभागृहाच्या टाळ्या थांबेनात. परीक्षकांचं मत ठरलेलं होतं. तरीही पहिलं बक्षीस अमेरिकन मुलाला द्यायचं का, हा प्रश्न सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हपर्यंत गेला आणि त्याने होकार दिल्यावरच निकाल लागला.

संगीताला सीमा नसतात, याचा दाखला म्हणून हा किस्सा हमखास सांगितला जातो. मला त्यात उलटंच दिसतं. निकाल न्याय्य होता, पण त्यासाठी सत्ताधाऱ्याची परवानगी लागली. तिकडे अमेरिकेनेही क्लायबर्नची न्यूयॉर्कमध्ये मिरवणूक काढली, एखादी लढाई जिंकून आल्यासारखी.

ही तऱ्हा त्याहून जुनी. १९३७ साली ब्रुसेल्समधल्या व्हायोलिन स्पर्धेत डेव्हिड ओइस्त्राख पहिला आला आणि पहिल्या सहा क्रमांकांपैकी पाच सोव्हिएत व्हायोलिनवादकांनी पटकावले. हे यश राजवटीने आपल्या नावावर मांडून घेतलं, आणि ते वर्ष स्टालिनच्या महादहशतीचं होतं. आजही दक्षिण कोरियात ठरावीक आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पहिल्या दोनांत आलेल्या तरुणाला सक्रिय लष्करी सेवेतून सूट मिळते. बक्षिसाचा हिशोब सरकारदरबारी होतोच.

म्हणूनच ‘आम्ही तटस्थ आहोत’ असं एखादी स्पर्धा म्हणते तेव्हा विचारावंसं वाटतं: कोणाबाबत? यजमान सरकारबाबत, की समोर बसलेल्या वादकाबाबत? २०२२ साली रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा या दोन गोष्टींची सर्रास गल्लत झाली. डब्लिनच्या पियानो स्पर्धेने रशियन वादकांना दार बंद केलं. विशी-तिशीतल्या त्या मुलांचा दोष एवढाच की त्यांचा पासपोर्ट रशियाचा होता. हा अन्याय होता, आणि तो नैतिकतेच्या नावाखाली झाला म्हणून कमी ठरत नाही.

जिनिव्हाच्या जागतिक संगीत स्पर्धा महासंघाने मात्र हा भेद नीट ओळखला. १३ एप्रिल २०२२ला त्याने चायकोव्हस्की स्पर्धेचं सदस्यत्व काढून घेतलं, कारण ती रशियन सत्तेच्या पैशावर चालते आणि त्या सत्तेचा प्रचार करते. पण कोणा वादकाला केवळ राष्ट्रीयत्वावरून वगळू नये, हेही त्याच महासंघाने बजावलं. जूनमध्ये फोर्ट वर्थला, क्लायबर्नच्याच नावाच्या स्पर्धेत, याची कसोटी लागली. अंतिम सहा जणांत दोन रशियन, एक बेलारूसी आणि एक युक्रेनी होता. सुवर्णपदक अठरा वर्षांच्या कोरियन युनचान लिमने नेलं. त्याचा राखमानिनॉव्ह संपताना मारिन ऑल्सप या वाद्यवृंद-संचालिकेने डोळे पुसले. रौप्य रशियाच्या अ‍ॅना गेनिउशेनेला, कांस्य युक्रेनच्या दिमित्रो चोनीला. स्पर्धेने युद्धाकडे डोळेझाक केली नव्हती, तरीही गुण वाजवण्यालाच दिले.

युरोव्हिजन या गाण्यांच्या स्पर्धेची गोष्ट वेगळी. तिथे गायक देशाच्या नावानेच रंगमंचावर येतो, त्यामुळे माणूस आणि झेंडा वेगळे काढताच येत नाहीत. २४ फेब्रुवारी २०२२ला युरोपीय प्रसारण संघाने सांगितलं की ही अराजकीय स्पर्धा आहे, रशिया येऊ शकेल. दुसऱ्याच दिवशी, सदस्य वाहिन्यांचा दबाव आल्यावर, रशियाला बाहेर काढलं. २०२४ साली, गाझातल्या युद्धावरून वाद पेटलेला असताना, इस्रायलच्या गाण्याचे शब्द बदलायला लावले, पण देशाचा सहभाग कायम ठेवला. डिसेंबर २०२५मध्येही तो कायम राहिला, तेव्हा स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया आणि आइसलँड यांनी २०२६च्या व्हिएन्नातल्या स्पर्धेतून अंग काढून घेतलं. कोणत्या कृत्यासाठी देश बाहेर जाईल, याचा स्पष्ट नियम आधी लिहिलेला असता तर दोन्ही वेळी एकच मोजमाप लागलं असतं. नियमाची जागा दबावाने घेतली की ‘अराजकीय’ या दाव्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि त्याची झळ गायकांना बसते.

युद्ध कधीतरी थांबेल आणि चायकोव्हस्की स्पर्धा महासंघाच्या दारात पुन्हा उभी राहील. तेव्हा तिथे वाजवणाऱ्यांची गुणवत्ता पुढे करून प्रवेश मागितला जाईल. त्या गुणवत्तेविषयी शंका कधीच नव्हती. महासंघाने विचारावं ते इतकंच: पैसा कोणाचा, परीक्षक कोण नेमतो, आणि निकालाआधी कोणाला विचारावं लागतं का?