खुर्द्यातील माणसे

पानिपत हे नाव मराठी मनाला रणभूमी म्हणूनच परिचित आहे. १४ जानेवारी १७६१ ह्या दिवसाभोवती बखरी लिहिल्या गेल्या, पोवाडे रचले गेले, नाटके झाली. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ कादंबरीने तो विषय नव्या पिढीच्या हाती दिला. ह्या साऱ्या वाङ्मयाची समीक्षा प्रायः शौर्य, दैव आणि नेतृत्व ह्या तीन अंगांनीच झाली आहे. प्रस्तुत लेखात एक निराळा प्रश्न विचारावयाचा आहे. परक्या मुलखात, परक्या भाषेच्या घरात राबणाऱ्या माणसाकडे, विशेषतः स्त्रीकडे, आपले वाङ्मय कोणत्या दृष्टीने पाहत आले आहे? हा प्रश्न पानिपताच्या निमित्ताने विचारण्यास कारण आहे. पानिपत ते गुरुग्राम ह्या एवढ्याशा पट्ट्यात त्या दृष्टीच्या तीन अवस्था स्पष्टपणे पाहावयास मिळतात.

पहिली अवस्था विस्मरणाची. पराभवाची वार्ता सांगणारे ते प्रसिद्ध सांकेतिक पत्र सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यात मोत्यांचा हिशेब आहे, मोहरांचा आहे. रुपये आणि खुर्दा मात्र अगणित म्हणून सोडून दिला आहे. सावकारी परिभाषेतील हे रूपक भेदक आहे, यात शंका नाही. परंतु ते ज्या समाजाचे आहे त्या समाजाची मोजण्याची पद्धतही त्यातून उघड होते. खुर्दा म्हणजे कोण? पाणके, आचारी, मोतद्दार, दासी, यात्रेसाठी सैन्याबरोबर निघालेली माणसे. त्यांच्यासाठी मराठीत ‘बाजारबुणगे’ हा शब्द रूढ होता आणि पुढे तो चक्क शिवी होऊन बसला. ज्यांच्या हातचे अन्न खाऊन फौज लढली त्यांच्या नावाची भाषेने निंदा करावी, ही गोष्ट कोशकाराइतकीच टीकाकारालाही विचारात पाडणारी आहे.

लढाईनंतर हजारो स्त्रिया व मुले विजेत्यांच्या हाती पडली आणि गुलाम म्हणून नेली गेली. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने आपला वृत्तांत फारसीत लिहिला. मराठी बंदीवानांची कथा सांगणारा हा महत्त्वाचा साक्षीदार दक्षिणी असावा आणि त्याची लेखणी मात्र फारसी असावी, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. त्या स्त्रियांपैकी कित्येकींचे उरलेले आयुष्य परमुलखातील घरांत दळणकांडणात गेले असले पाहिजे. मराठी वाङ्मयाने त्यांच्यासाठी अश्रू ढाळले ते अब्रूच्या भावनेने. त्यांच्या श्रमाचा, भाषा तुटलेल्या त्यांच्या दिवसांचा विचार त्याने क्वचितच केला.

परंतु अफगाण घराला दोष देण्यापूर्वी पुण्यातील घराकडे पाहणे प्राप्त आहे. पेशवाईतील कागदपत्रांत कुणबिणींचे उल्लेख वारंवार येतात. त्या विकत घेतल्या जात, भेट दिल्या जात. किल्ल्यांवर, पागांत, कोठ्यांत आणि मुदपाकखान्यात राबत. १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामीचा कायदेशीर आधार काढून घेतला, तेव्हाच ह्या व्यवहारास खरी ओहोटी लागली. तात्पर्य, आपली माणसे परक्याच्या घरी गेली हे आपले दुःख खरे. पण परक्याची माणसे आपल्या घरी होती, हे आपल्या वाङ्मयाच्या दुःखात सामील झाले नाही.

दुसरी अवस्था उपदेशाची. मराठी वाचकाला रणभूमी म्हणून ठाऊक असलेले पानिपत उर्दू साहित्याला अल्ताफ हुसेन ‘हाली’ (१८३७–१९१४) यांचे जन्मगाव म्हणून ठाऊक आहे. १८९३ च्या ‘मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी’ने उर्दू समीक्षेचा पाया घातला, ‘मुनाजात-ए-बेवा’ (१८८४) आणि ‘चुप की दाद’ (१९०५) ह्या काव्यांनी स्त्रीच्या मौनाला मान दिला. हालींची सहानुभूती अस्सल आहे. मात्र ‘चुप की दाद’मध्ये कवी हाक घालतो ती आयांना, बहिणींना आणि लेकींना. त्या नात्यांच्या यादीत न बसणारी, परंतु त्याच घरात दिवसभर वावरणारी स्त्री ह्या हाकेच्या बाहेर राहते.

ती स्त्री आपल्याला दिसते नझीर अहमद यांच्या ‘मिरात-उल-उरूस’ (१८६९) ह्या कथेत. तेथे मामा अजमत ही जुनी मोलकरीण बाजारहाटात लबाडी करते, घरावर उधारी चढविते आणि धाकटी सून असगरी तिचे कारस्थान उघडकीस आणून तिला घालविते. हा भाग मराठीत आणू पाहणाऱ्याची पहिल्याच शब्दाला अडचण होते. दिल्लीच्या उर्दूत ‘मामा’ म्हणजे घरकाम करणारी बाई; मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मात्र आईचा भाऊ उभा राहतो. अडचण विनोदी वाटली तरी ती एक मर्म दाखविते. घरकामगाराला नात्याचे नाव द्यावयाचे आणि हिशेब मात्र परकेपणाचा ठेवावयाचा, ही रीत आपल्याही ‘मावशी’त आहे. नझीर अहमदांनी अजमतची लबाडी पैपैने मोजली. तिचा पगार तिला पुरत होता का, हा प्रश्न त्या हिशेबात येत नाही. कथा मालकिणीच्या वहीतून लिहिली गेली आहे, आणि वही नेहमी मालकिणीची बाजू घेते.

तिसरी अवस्था आत्मकथनाची. मुर्शिदाबाद, दुर्गापूर असा प्रवास करून, बाराव्या वर्षी झालेले लग्न मागे टाकून, तीन मुलांसह राजधानीच्या परिसरात आलेल्या बेबी हालदार यांचे ‘आलो-आँधारि’ हे पुस्तक २००२ साली प्रथम हिंदीत प्रसिद्ध झाले. मूळ लेखन बंगाली; अनुवादक प्रबोध कुमार, ज्यांच्या गुरुग्राममधील घरी त्या काम करीत. पुस्तकांवरची धूळ झटकताना त्या थबकतात हे पाहून त्यांनी वही आणि लेखणी पुढे केली, ही हकीकत आता सर्वश्रुत आहे. त्याआधीच्या, दिवसभर अडकवून ठेवणाऱ्या आणि मुलांकडे पाहण्याची उसंत न देणाऱ्या घरांचे चित्रण ह्या पुस्तकात आहे, आणि ते कटुतेवाचून आहे. लेखिका कित्येकदा ‘मी’ सोडून स्वतःला ‘बेबी’ म्हणू लागते. काहींना हा निवेदनातील ढिलेपणा वाटेल. मला तो अनुभवाचा प्रामाणिक आकार वाटतो. कारण जिला आयुष्यभर दुसऱ्यांनी हाक मारून बोलावले, तिला स्वतःकडेही आधी त्याच हाकेतून पाहावे लागते.

यावर एक आक्षेप संभवतो. येथे मालक दयाळू होता म्हणूनच पुस्तक झाले. तेव्हा ह्या कृतीचे श्रेय अखेर मालकाच्या संस्कृतीलाच नाही काय? आक्षेप टाळण्याजोगा नाही. मालकच अनुवादक असल्यामुळे ह्या पुस्तकात दोन सत्ता एका हाती आल्या आहेत, हेही मान्य केले पाहिजे. परंतु वही देणे आणि वाक्य लिहिणे ह्या भिन्न क्रिया आहेत. दयेमुळे संधी मिळाली. दृष्टी मात्र लेखिकेची आहे. शिवाय ज्या व्यवस्थेत चांगले वागविले जाणे हे घर कसे मिळते त्या नशिबावर सोडलेले असते, तिची मर्यादा ह्या पुस्तकातील चांगले घर आणि वाईट घर शेजारीशेजारी ठेवूनच कळते.

नशिबाचा हा भाग अलीकडील दोन घटनांतही दिसला. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्क येथे एका भारतीय उपवाणिज्यदूताला, भारतातून नेलेल्या घरकामगाराच्या वेतनाबाबत व्हिसाच्या कागदांत खोटी माहिती दिल्याच्या आरोपावरून अटक झाली. सप्टेंबर २०१५ मध्ये गुरुग्राम येथे एका सौदी राजनैतिक अधिकाऱ्याच्या घरातून दोन नेपाळी स्त्रियांची सुटका झाली. दोन्ही प्रसंगी राजनैतिक संरक्षण आड आले आणि खटला चालून सत्यासत्याचा निवाडा झाला नाही. पहिल्या वेळी आपण राष्ट्राच्या मानाविषयी बोललो, दुसऱ्या वेळी परक्याच्या क्रौर्याविषयी. घरकामगार स्त्री दोन्ही वेळा चर्चेच्या कडेला राहिली. २०११ च्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १८९ क्रमांकाच्या कराराला भारताने अनुमोदन दिलेले नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करण्यास केंद्राला सांगावे लागले. १७६१ चा खुर्दा अजून पुरता मोजला गेलेला नाही.

वाङ्मयाने कायद्याचे काम करावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. मात्र कोणाला पात्र मानावयाचे आणि कोणाला सामानसुमानात धरावयाचे, हा निर्णय प्रत्येक लेखक पानोपानी घेत असतो, आणि तो निर्णय तपासणे हे टीकाकाराचे निःसंशय काम आहे. आपल्या कौटुंबिक कथा-कादंबऱ्या पुन्हा वाचताना एक साधी कसोटी लावून पाहावी: चहाचा पेला ठेवून बाहेर गेलेली बाई दाराआड गेल्यावरही लेखकाच्या लेखी जिवंत राहते काय? आपल्या कित्येक मान्यवर कृती ह्या कसोटीला उतरणार नाहीत. त्यामुळे त्या टाकाऊ ठरत नाहीत; परंतु त्यांच्या मानवतेची व्याप्ती किती, हे आपल्याला निदान नेमके सांगता येईल.