गुलाम, लग्नगडी आणि उचल : दास्यवाचक संज्ञांचा एक विचार

जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीय गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना तो अर्पण केलेला आहे. या अर्पणपत्रिकेकडे केवळ गुणग्राहकतेचा उद्गार म्हणून पाहिल्यास ग्रंथाचे खरे सामर्थ्य दृष्टीआड होते. अर्पणपत्रिकेत गुलामगिरी ही युद्धाने व कायद्याने संपलेली गोष्ट आहे. ग्रंथात मात्र ती कोणत्याही खरेदीखतावाचून, श्रद्धेच्या व रूढीच्या बळावर चालू राहणारी व्यवस्था आहे. ग्रंथ आपल्या अर्पणपत्रिकेच्या पुढे गेला आहे, असे म्हणणे भाग आहे.

अमेरिकेच्या पुढील इतिहासाने ग्रंथाचीच बाजू खरी ठरविली. यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले. त्याच वर्षी तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द झाली. परंतु १८७७ मध्ये दक्षिणेतील राज्यांवरील केंद्र सरकारची लष्करी देखरेख उठली, आणि मुक्त झालेला शेतमजूर वाट्याने केलेल्या शेतीच्या व दुकानदाराच्या कर्जाच्या फेऱ्यात अडकला. ‘गुलाम’ हा शब्द कायद्यातून गेला; त्याची जागा हिशेबाच्या वहीने घेतली.

ठाणे जिल्ह्यात ही वही पूर्वीपासूनच होती. हिंदुस्थानात १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीची न्यायालयीन मान्यता काढून घेतली. पण येथील जंगलपट्टीत दास्याची नावे निराळी होती. ‘वेठ’ हा शब्द संस्कृत ‘विष्टि’पासून आलेला, ‘बिगार’ हा फारसी; ‘वेठबिगार’ या जोडशब्दात एकाच अर्थाची दोन नावे एकत्र आली आहेत. ‘लग्नगडी’ हा शब्द अधिक बोलका आहे. लग्नासाठी कर्ज काढणारा पुरुष सावकाराकडे वर्षानुवर्षे राबे, आणि त्याची पत्नीही राबे. तिच्या श्रमाला मात्र या पुल्लिंगी शब्दात स्थान नाही.

गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथाचे महत्त्व येथे आहे. शहापूर-मुरबाडच्या शेजारील कल्याण तालुक्यात, टिटवाळे येथे जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची परिषद भरली. त्यानंतर डहाणू-उंबरगाव भागात वारल्यांनी जो लढा दिला, त्याने वेठ व लग्नगडी या पद्धती मोडल्या. त्या लढ्याची ही हकीकत होय. फुल्यांनी दास्याला व्यापक नाव दिले. परुळेकरांनी त्याची स्थानिक नावे नोंदविली. हे दोन ग्रंथ एकमेकांस पूरक म्हणून वाचावयास हवेत.

संज्ञेचा हा प्रश्न केवळ कोशाचा नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने रूढीने गृहीत धरलेला तोंडी करारही करार मानला, आणि अशा प्रथांची यादी दिली. तीत ‘हाली’, ‘कमिया’, ‘वेट्टी’ आहेत; ‘लग्नगडी’ नाही. कायद्याची व्याख्या पुरेशी व्यापक आहे हे खरे; तथापि, ज्या प्रथेस ओळखीचे नाव नाही, ती अधिकाऱ्याच्या नजरेस सहज पडत नाही.

शहापूर-मुरबाड भागातील कातकरी कुटुंबे पावसाळ्याच्या अडचणीत ‘उचल’ घेतात आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाऊन ती फेडतात. प्रत्येक उचल म्हणजे वेठ नव्हे. पण ‘उचल घेतली’ या वाक्यात कर्ता मजूर असतो. देणारा, दर ठरविणारा, हिशेब लिहिणारा वाक्याबाहेर राहतो. हिशेब फिटला नाही, तर ‘अंगावर बाकी राहिली’ असे म्हणतात. जमिनीवर नव्हे, घरावर नव्हे, अंगावर. गुलामाच्या बाबतीत खरेदीखत जे करीत असे, ते येथे एका शब्दयोगी अव्ययाने साधते. १८७३ च्या ग्रंथाचा आजचा अभ्यास या वाक्यापर्यंत पोचला पाहिजे. अन्यथा तो अर्पणपत्रिकेतच अडकून पडेल.