पाठीवरचा खळगा

पिंग कंपनीच्या 1982 सालच्या 'आय टू' या गोल्फ आयर्नचे खरे सौंदर्य त्याच्या पाठीवर आहे. क्लबचे हेड उलटे करून प्रकाशात धरावे, तर मधोमध खोल खळगा दिसतो आणि त्याच्या भोवतीने, टाचेपासून टोकापर्यंत, पोलादाचा भरदार काठ फिरलेला असतो. मध्यातून जे वजन काढले, ते वाया घालवलेले नाही. तेच काठावर नेऊन बसवले आहे.

त्याआधीची घडीव आयर्न, म्हणजे ब्लेड, आठवून पाहू. बेन होगनने 1950 च्या यूएस ओपनमध्ये मेरियनच्या अठराव्या होलवर वन आयर्नने मारलेला तो विख्यात फटका अशाच ब्लेडचा. पाठ जवळजवळ सपाट, वजन मध्याजवळ एकवटलेले. चेंडू नेमक्या बिंदूवर बसला, तर हाताला धक्काही जाणवू नये. पण तो जरासा टोकाकडे सरकला, की मनगटाला झिणझिण्या आणत हेड गर्रकन वळते आणि चेंडूला मिळायचा वेग त्या वळण्यातच खर्ची पडतो. होगनच्या हाताला हे परवडत होते. आपल्यातल्या बहुतेकांना ते परवडत नाही.

आणि इथेच पिंगचे संस्थापक कार्स्टन सोलहाइम या नॉर्वेत जन्मलेल्या, जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम केलेल्या अभियंत्याची दृष्टी मोहून टाकते. वजन केंद्रापासून जितके दूर, तितका वळण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. कुंभाराचे जड काठाचे चाक जसे सहजी डगमगत नाही, तसे हे हेड टोकाला चेंडू लागला तरी आपली दिशा पुष्कळशी सांभाळून राहते. म्हणजे या खळग्याने आपला उत्तम फटका फारसा लांबवलेला नाही. त्याने चुकलेल्या फटक्याचे तोकडेपण कमी केले. मला तरी यातली उदारता अंतरापेक्षा मोठी वाटते.

आता तळाकडे पाहू. तिथला काठही जाड, त्यामुळे गुरुत्वकेंद्र खाली उतरते आणि चेंडू अधिक उंच उडू लागतो. ही उंची हाती आल्यावर पुढच्या कारागिरांनी चेहऱ्याचा कलच कमी करत नेला: पूर्वी सात नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट 35 अंशांच्या आसपास असे, आज तो पुष्कळदा 30 अंश किंवा त्याहूनही कमी असतो. चेहरेही पातळ, लवचीक झाले. तोच आकडा कोरलेला क्लब आता चेंडू लांब नेतो, पण त्यातला मोठा वाटा लॉफ्टचा. खळग्याची करामत मात्र अर्धवट लागलेल्या फटक्यात दिसते, जेव्हा ग्रीनच्या अलीकडच्या बंकरमध्ये पडेलसे वाटणारा चेंडू वाळू ओलांडून काठावर उतरतो आणि आपल्या हाती पटर येतो.