माहितीपत्रकात नसलेला आकडा

नोव्हेंबर महिना आला की अमेरिकेतील मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा या राज्यांत हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो. रस्ता संपतो तेथून पुढे जाण्यासाठी पुष्कळ शिकारी चार फुगीर चाकांची एक उघडी गाडी वापरतात. तिला मोटारसायकलसारखी बैठक आणि हँडल असते, पुढे-मागे सामानासाठी लोखंडी जाळ्या असतात. तिचे नाव ‘ऑल टेरेन व्हेइकल’, म्हणजेच एटीव्ही. एरवी हीच गाडी जंगलवाटांवर हौसेने फिरवली जाते. ती घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी कंपन्यांची माहितीपत्रके आणि ‘कोणती गाडी घ्यावी’ हे सांगणारे लेख विपुल निघतात. त्यांत ‘विश्वासार्ह’ हा शब्द हटकून भेटतो. या शब्दाखाली काय मोजले जाते आणि काय मोजायचे राहून जाते, हे आपण येथे पाहू.

प्रथम या लेखनाचे गुण सांगितले पाहिजेत. इंजिन हवेने थंड होते की पाण्याने, हवेची गाळणी किती उंचीवर बसवली आहे, मागच्या चाकांना शक्ती साखळीने मिळते की दांड्याने, ही माहिती त्यांत नेमकी असते आणि ती उपयोगीही असते. बऱ्याच स्वयंचलित गाड्यांत शक्ती एका रबरी पट्ट्यातून जाते. पट्टा भिजला तर घसरतो; जड ओझे घेऊन, खालचा गिअर न टाकता सावकाश चढण चढली तर तो तापून झिजतो. वस्तीपासून दूर, कडाक्याच्या थंडीत गाडी बंद पडणे ही साधी गैरसोय नव्हे. म्हणून या बाबतीतला काटेकोरपणा आम्हांला योग्यच वाटतो.

पण गाडी चालू राहणे ही एक गोष्ट आणि ती चाकांवर उभी राहणे ही दुसरी. इतिहास पाहिला तर हा फरक स्पष्ट होतो. होंडा कंपनीने १९७० साली अमेरिकेत तीन चाकांची गाडी आणली. पुढे तिच्यासारख्या गाड्यांवर जो मोठा आक्षेप आला, तो इंजिन बंद पडण्याचा नव्हता. गाडी कलंडण्याचा होता. १९८८ साली न्यायालयात सरकारशी झालेल्या तडजोडीनुसार प्रमुख कंपन्यांनी नव्या तीनचाकींची विक्री थांबवली आणि २००८ च्या कायद्याने त्यांच्यावर बंदीच आली. चौथ्या चाकाने धोका कमी झाला, संपला नाही. अमेरिकेत या गाड्यांच्या अपघातांत दरवर्षी शेकडो माणसे दगावतात, आणि गाडी उलटणे हे त्यामागचे एक प्रमुख कारण आहे.

यामागचे गणित दहावीच्या विद्यार्थ्याला करता येईल इतके सोपे आहे. डाव्या व उजव्या चाकांतील अंतराचा निम्मा भाग घ्या आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. जो गुणोत्तर येईल, तो ज्या कोनाचा टॅन्जंट असेल, तेवढ्या आडव्या उतारावर गाडी कलंडू लागते. उदाहरणादाखल सोयीचे आकडे घेऊ. समजा, गाडी ३०० किलोची असून तिचा गुरुत्वमध्य ५० सें.मी. उंचीवर आहे. चालक ८० किलोचा असून त्याचा गुरुत्वमध्य ११० सें.मी.वर आहे. दोघांचा मिळून गुरुत्वमध्य सुमारे ६३ सें.मी.वर येतो. चाकांतील अंतर ९४ सें.मी. असेल तर कलंडण्याचा कोन सुमारे ३७ अंश येतो. आता मागच्या जाळीवर, १०५ सें.मी. उंचीवर, ६० किलोचे हरीण बांधू. कोन ३४ ते ३५ अंशांवर उतरतो. खडकांवरून जाता यावे म्हणून गाडी ८ सें.मी.ने उंच करून घेतली असेल, तर तो ३२ अंशांच्याही खाली जातो. प्रत्यक्षात टायर व स्प्रिंगा दबतात, उताराकडचे चाक खड्ड्यात जाते, वळताना वेगाचा परिणाम होतो. त्यामुळे गाडी याहूनही आधी उलटते.

आमचा मुख्य आक्षेप येथे आहे. पोटाखालची जागा जास्त, जाळीची क्षमता जास्त, टायर मोठे, या सर्व गोष्टी माहितीपत्रकात गुण म्हणून छापल्या जातात. यांतील प्रत्येक गोष्ट गुरुत्वमध्य वर नेऊ शकते, हे मात्र कोठे छापलेले नसते. गाडी रुंद करावी, तर अमेरिकी वनखात्याच्या अनेक वाटांवर ५० इंचांहून, म्हणजे १२७ सें.मी.हून, रुंद वाहनाला मज्जाव आहे. मर्यादा रुंदीला आहे आणि हौस उंचीला. याचे फळ काय, ते वरच्या गणितात दिसलेच.

यावर उत्पादकांच्या बाजूने सांगितले जाते, की या गाडीत चालकाने उताराच्या वरच्या अंगाला झुकून तोल सांभाळायचा असतो. म्हणून नुसत्या गाडीचा कोन सांगून काय साधणार? या म्हणण्यात तथ्य आहे. झुकण्याचे कौशल्य शिकलेच पाहिजे. परंतु दिवसभराचा दमलेला, जाड कपड्यांतला, संध्याकाळच्या अंधारात परतणारा शिकारी दर वेळी अचूक झुकेल, हे गृहीत धरणे म्हणजे यंत्राची उणीव माणसाच्या माथी मारणे होय. शिवाय हा आकडा सांगणे अशक्य नाही. ऑस्ट्रेलियाने २०१९ साली नियम केला आणि २०२० पासून प्रत्येक नव्या गाडीवर कलंडण्याच्या कोनाची चिठ्ठी लावणे सक्तीचे केले. २०२१ पासून सर्वसाधारण वापराच्या गाड्यांना चालक-संरक्षक चौकटही आवश्यक ठरली. होंडा, यामाहा यांसारख्या कंपन्यांनी तेथून माघार घेतली. अमेरिकेत २००९ साली बंधनकारक झालेल्या मानकात पुढे-मागे उलटण्याविषयी अट होती. बाजूला कलंडण्याविषयी नव्हती.

मग निवड कशी करावी? इंजिन, पट्टा, गाळणी हे तपासावेच. पण त्याबरोबर चाकांतील अंतर मोजावे, गाडी उंच करून घेऊ नये, जाळीवरची वजनमर्यादा पाळावी, आणि शिकार उंच जाळीवर बांधण्यापेक्षा बुटक्या ट्रेलरवर, सपाट वाटेने आणावी. सोळा वर्षांखालील मुलांच्या हाती मोठी गाडी देऊ नये.

आपल्याकडे शिकारीला कायद्याने बंदी आहे. पण कोकणातील काही किनाऱ्यांवर पर्यटकांसाठी या गाड्या फिरतात, आणि बांधावर कलंडणाऱ्या ट्रॅक्टरचे गणितही हेच आहे. शिक्षकांनी वर्गात एक बुटाचे खोके फळीवर ठेवावे आणि ते घसरू नये म्हणून खालच्या कडेला पट्टी ठोकावी. खोक्यात एकदा तळाशी आणि एकदा वरच्या बाजूला तेच वजन बसवून फळी हळूहळू उचलावी आणि खोके कलंडते तो कोन मोजावा. दोन कोनांतला फरक पाहिलेला विद्यार्थी कोणतेही माहितीपत्रक वाचताना त्यात काय छापलेले नाही, हेही विचारू लागेल.