भेटकार्डावरील मजकूर कोणाचा?

फेब्रुवारी लागला की बारामती-इंदापूरच्या बाजारपेठांतही लाल बदामांची आरास दिसू लागते. आपल्याच जिल्ह्यातील मावळचे गुलाब या दिवसासाठी युरोपपर्यंत जातात. कोणी हा सण परकीय म्हणून झिडकारतो, तर आपल्यापैकी काही जण ‘आपल्या संताचा दिवस’ म्हणून त्याची पाठराखण करतात. आम्हांस दोन्ही मते अपुरी वाटतात.

संत व्हॅलेंटाईन हे तिसऱ्या शतकातील रोमन हुतात्मे. त्यांनी सैनिकांचे गुप्तपणे विवाह लावले, तुरुंगातून प्रेमाची चिठ्ठी धाडली, या कथा फार मागाहून जोडल्या गेल्या. या दिवसाचा प्रेमाशी सांधा जुळवला तो मुख्यतः कवींनी. चौदाव्या शतकातील इंग्रज कवी चॉसर याच्या ‘पार्लमेंट ऑफ फाउल्स’ या काव्यात संत व्हॅलेंटाईनच्या दिवशी पक्षी जोडीदार निवडण्यासाठी निसर्गदेवतेपुढे जमतात. याच सुमारास भिगवणजवळ उजनीच्या पाण्यावर उतरलेले रोहित पक्ष्यांचे थवे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या सभेची कल्पना सहज करता येईल. मात्र त्या काव्यातील गरुडमादी तीन उमेदवार समोर असताना निवड करीत नाही. ती विचारासाठी वर्षभराची मुदत मागून घेते.

हा संयम पुढे ओसरला. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीची जागा एकोणिसाव्या शतकात छापील कार्डाने घेतली. आपल्याकडे १९९० च्या दशकात या भेटकार्डांची लाट आली आणि आता मोबाईलवर आयता संदेश पुढे ढकलला जातो. आम्ही पाहिलेल्या कार्डांवरील मजकूर असा की, वरचे नाव बदलले तर तो कोणासही चालावा. आमचा आक्षेप प्रेमाला नाही, या उसन्या शब्दांना आहे.

उलट उदाहरण बारामतीतच आहे. येथे राहिलेल्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) ‘केकावली’ रचली. केका म्हणजे मोराचा टाहो. स्वतःच्या नावातील मोरालाच कवीने ईश्वरापुढे टाहो फोडायला लावले. ते प्रेम भक्तीचे आहे, प्रणयाचे नव्हे. परंतु तेथील नाव बदलता येत नाही. ते बदलले तर काव्याचा प्राणच जाईल.

ख्रिस्तसभेने १९६९ मध्ये आपले उपासना-पंचांग सुधारले, तेव्हा संत व्हॅलेंटाईन यांचे नाव हुतात्म्यांच्या यादीत कायम ठेवून १४ फेब्रुवारी हा दिवस संत सिरिल व संत मेथोडियस यांच्या स्मरणास दिला. या दोघा भावांनी नवव्या शतकात स्लाव लोकांसाठी लिपी घडविली आणि त्यांची उपासना त्यांच्याच भाषेत आणली. ज्यांच्या भाषेला अक्षरे नव्हती, त्यांना त्यांनी अक्षरे दिली. आपणांस तर ती केव्हाच लाभली आहेत.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, मुलांच्या हातातील गुलाब हिसकावून घेऊ नये. त्यासोबत चार ओळी स्वतःच्या मराठीत लिहावयास सांगाव्यात. आणि आईवडिलांनीही, लग्नाला कितीही वर्षे झाली असोत, एकमेकांस तशा चार ओळी लिहून पाहाव्यात.