क्रिप्टॉन : हरवलेल्या घराच्या फेररचना

सुपरमॅनच्या कथेत क्रिप्टॉन आरंभीच नष्ट होतो. त्यामुळे तो कसा होता, हे प्रत्येक पिढीला नव्याने ठरवता येते. जेरी सीगल व जो शुस्टर यांच्या १९३८ च्या पहिल्या कथेत त्या ग्रहाला नावही नव्हते. पुढे तो विज्ञानसंपन्न, हवाहवासा स्वर्ग झाला; १९५८ पासून तर कँडॉर हे त्याचे एक शहर बाटलीत जपलेले आढळते.

१९८६ मध्ये जॉन बर्न यांनी 'द मॅन ऑफ स्टील' या मालिकेत हा स्वर्ग मोडीत काढला. त्यांचा क्रिप्टॉन थंड, निर्जंतुक आहे; तेथे स्पर्श निषिद्धप्राय आहे आणि गर्भ यंत्रात वाढतो. ते यंत्रच कॅन्सासमध्ये येऊन उघडते; म्हणजे सुपरमॅन जन्मतो तो अमेरिकेत. हा केवळ तपशिलाचा फेरफार नव्हे, हा नागरिकत्वाचा दाखला आहे. मालिकेअखेर नायक क्रिप्टॉनचा वारसा निरर्थक ठरवतो, तेव्हा त्याच्या वाट्याचा शोकच रद्द होतो. बर्न स्वतः इंग्लंडमध्ये जन्मून कॅनडात वाढले. तेव्हा या विस्मृतीला यजमान देशाची सक्ती म्हणण्यापेक्षा स्थलांतरिताची सुप्त इच्छा म्हणणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

मार्क वेड यांच्या 'बर्थराइट'मध्ये (२००३-०४) हा शोक परततो. यानातून आलेला क्रिप्टॉनचा चित्रमय इतिहास क्लार्क पुनःपुन्हा न्याहाळतो. आणि अखेरीस, काळाच्या पलीकडून, मरणाच्या दारात उभ्या असलेल्या आईबापांना मुलगा सुखरूप पोहोचल्याचे कळते.