विधान परिषदेतील रिक्त जागा भरण्याचे नियम : एक चिकित्सा

प्रास्ताविक

२४ ऑक्टोबर २०१९ रोजी महाराष्ट्र विधानसभेचे निकाल लागले. पुणे पदवीधर मतदारसंघातून २००८ व २०१४ असे दोन वेळा विधान परिषदेवर निवडून आलेले चंद्रकांत पाटील कोथरूडमधून विधानसभेवर गेले आणि परिषदेतील त्यांची जागा रिकामी झाली. ती भरली गेली डिसेंबर २०२० मध्ये, अरुण लाड यांच्या विजयाने. म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पुणे या पाच जिल्ह्यांतील पदवीधरांना तेरा महिन्यांहून अधिक काळ वरिष्ठ सभागृहात प्रतिनिधी नव्हता. या काळात कोणताही कायदा मोडला गेला नाही. नियम जसा आहे तसाच पाळला गेला आणि तरीही असे घडले. म्हणून दोष नियमाच्या अंमलबजावणीत शोधावा की त्याच्या रचनेत, हा प्रश्न प्रस्तुत लेखात तपासला आहे.

नियमाची रचना

विधान परिषद हे स्थायी सभागृह आहे. संविधानाच्या अनुच्छेद १७२ नुसार ते विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. महाराष्ट्राच्या ७८ सदस्यांपैकी ३० विधानसभा सदस्यांकडून, २२ स्थानिक प्राधिकारी संस्थांकडून, प्रत्येकी ७ पदवीधर व शिक्षक मतदारसंघांतून निवडले जातात आणि १२ जणांना राज्यपाल नामनिर्देशित करतात. सदस्याची मुदत सहा वर्षांची असते. मुदत संपण्यापूर्वी मृत्यू, राजीनामा किंवा अन्य कारणाने जागा रिकामी झाली, तर लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १५१ नुसार निवडणूक आयोग पोटनिवडणूक घेतो. कलम १५६ नुसार नवा सदस्य पूर्वीच्या सदस्याच्या उरलेल्या मुदतीपुरताच पदावर राहतो.

पोटनिवडणूक केव्हा घ्यावी याला १९९६ पर्यंत कालमर्यादा नव्हती. त्या वर्षी कलम १५१-क समाविष्ट झाले आणि सहा महिन्यांची अट आली. मात्र तिला दोन अपवाद जोडले गेले. उरलेली मुदत एक वर्षाहून कमी असल्यास ही अट लागू नाही. तसेच सहा महिन्यांत निवडणूक घेणे कठीण असल्याचे आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केल्यास तीतून सूट मिळते.

पुणे पदवीधर मतदारसंघाला पहिला अपवाद लागू पडला. पाटील यांची मुदत जुलै २०२० मध्ये संपणार होती. जागा रिकामी झाली तेव्हा जेमतेम नऊ महिने उरले होते. पुढे करोनाच्या साथीमुळे नियमित निवडणूकही लांबली. येथे एक बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. सहा महिन्यांची मर्यादा आहे ती मुदतीपूर्वी रिकाम्या झालेल्या जागांनाच. मुदत संपून रिकाम्या होणाऱ्या जागांसाठी कलम १६ आहे. मुदत संपण्यापूर्वी तीन महिन्यांहून आधी अधिसूचना काढू नये, एवढेच ते सांगते. मुदत संपल्यानंतर किती दिवसांत निवडणूक व्हावी याबाबत ते मौन पाळते. घाई होऊ नये याची काळजी कायद्याने घेतली. विलंब होऊ नये याची मात्र घेतली नाही. त्यामुळे जुलै २०२० नंतर पुणे पदवीधर आणि पुणे शिक्षक या दोन्ही जागांच्या रिकामेपणाला साथीचे कारण होते, पण कायद्याने घातलेली शेवटची तारीख नव्हती.

त्याच वर्षातील दुसरी घटना येथे आठवते. विधानसभा सदस्यांनी निवडून द्यावयाच्या ९ जागा २४ एप्रिल २०२० रोजी रिकाम्या झाल्या. ती निवडणूक आयोगाने साथीमुळे पुढे ढकलली होती. परंतु मुख्यमंत्री उद्धव ठाकरे कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते आणि त्यांची सहा महिन्यांची घटनात्मक मुदत मे अखेरीस संपत होती. ३० एप्रिलला राज्यपालांनी आयोगाला पत्र लिहिले, २१ मे ही मतदानाची तारीख ठरली आणि १४ मे रोजी सर्व नऊ जण बिनविरोध निवडून आले. एका सभागृहात बसणाऱ्या २८८ मतदारांची निवडणूक आणि पाच जिल्ह्यांत विखुरलेल्या पदवीधरांची निवडणूक यांची तुलना सरळ होऊ शकत नाही, हे खरे. तरीही ‘कठीण’ या शब्दाचा अर्थ कोणाची गरज आहे यावर किती अवलंबून असतो, हे या दोन घटना शेजारी ठेवल्यावर दिसते.

‘उरलेली मुदत’ कोणाची?

एक वर्षाचा अपवाद वरकरणी व्यवहार्य वाटतो. परंतु हे वर्ष कोठून मोजायचे? जागा रिकामी झाल्यापासून, की नवा सदस्य निवडून येईल त्या दिवसापासून? हेच कलम लोकसभा-विधानसभेच्या पोटनिवडणुकांनाही लागू असल्याने तेथील निवाडे येथे उपयोगी पडतात. खासदार गिरीश बापट यांचे २९ मार्च २०२३ रोजी निधन झाले तेव्हा लोकसभेची मुदत संपण्यास चौदा महिन्यांहून अधिक काळ होता. आयोगाने पोटनिवडणूक घेतली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाची भूमिका अमान्य करून निवडणूक घेण्याचा आदेश दिला; जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. उलट अकोला पश्चिम विधानसभा मतदारसंघात आयोगाने निवडणूक जाहीर केली, तेव्हा नव्या सदस्याला एक वर्षाहून कमी काळ मिळेल या कारणावरून नागपूर खंडपीठाने मार्च २०२४ मध्ये ती रद्द केली. एकाच कलमाचे दोन अर्थ चार महिन्यांच्या आत एकाच उच्च न्यायालयातून बाहेर पडले.

दुसरा अर्थ स्वीकारला तर परिणाम चमत्कारिक होतो. आयोग जितका उशीर करील तितकी उरलेली मुदत घटते आणि निवडणूक न घेण्याचे कारण तितके बळकट होते. पहिला अर्थ निःसंशय अधिक न्याय्य आहे, पण त्यानेही मूळ अडचण सुटत नाही. दोन्ही अर्थांत हिशेब सदस्याच्या मुदतीचा आहे. मतदारसंघ किती काळ प्रतिनिधीविना राहील, हे मोजण्याची तरतूद कायद्यात कोठेच नाही. धुळे-नंदुरबार स्थानिक प्राधिकारी संस्था मतदारसंघात अमरीश पटेल यांच्या २०१९ मधील राजीनाम्यानंतरची पोटनिवडणूक साथीमुळे १ डिसेंबर २०२० रोजी झाली. निवडून आलेल्या सदस्याला १ जानेवारी २०२२ पर्यंतचाच काळ मिळाला. तेथे तेरा महिन्यांसाठी निवडणूक झाली, पुण्यात नऊ महिन्यांसाठी टळली. या चार महिन्यांच्या फरकात तत्त्वाचा फरक शोधणे कठीण आहे.

एक जागा, एक निवडणूक

कलम १५१ ची भाषा एकवचनी आहे : रिकामी झालेली जागा भरण्यासाठी एक व्यक्ती निवडावी. यावरून प्रत्येक आकस्मिक रिक्त जागा ही स्वतंत्र निवडणूक मानली जाते. २०१९ मध्ये गुजरातमधील राज्यसभेच्या दोन जागांबाबत हाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने आयोगाच्या निर्णयात हस्तक्षेप केला नाही आणि दोन्ही जागा सत्ताधारी पक्षाला मिळाल्या. विधानसभा सदस्यांच्या मतदारसंघात याचा परिणाम थेट होतो. संविधानाने येथे एकल संक्रमणीय मताची पद्धत ठेवली ती अल्पमताला त्याच्या प्रमाणात जागा मिळावी म्हणून. नऊ जागा एकत्र असतील तर २८८ सदस्यांत २९ मते पुरतात. जागा एकच असेल तर १४५ लागतात. प्रमाणशीरतेचा लवलेश उरत नाही.

मार्च २०२५ मधील पाच जागांची पोटनिवडणूक बिनविरोध झाली. पाचही सदस्य सत्ताधारी महायुतीचे होते. पाच जागा एकत्र धरल्या असत्या तर पूर्ण सभागृहात ४९ मतांचा कोटा आला असता. महाविकास आघाडीच्या तीन प्रमुख पक्षांचे २०२४ मध्ये मिळून ४६ सदस्य निवडून आले होते. म्हणजे लहान पक्षांच्या तीन मतांवर चुरस झाली असती. मात्र या पाचांपैकी तीन जागांची मुदत मे २०२६ पर्यंत, एकीची जुलै २०२८ पर्यंत आणि एकीची जुलै २०३० पर्यंत होती. एकत्र निवडणुकीत कोणाला कोणती मुदत द्यायची, याचे उत्तर आजच्या कायद्यात नाही. समान मुदतीच्या तीनच जागा एकत्र केल्या असत्या तर कोटा ७३ वर गेला असता आणि निकाल बदलला नसता. तेव्हा नुसती ‘एकत्र निवडणूक घ्या’ ही मागणी अपुरी आहे.

मतदारच नसलेला मतदारसंघ

स्थानिक प्राधिकारी संस्थांच्या मतदारसंघात अडचण निराळी आहे. किमान ७५ टक्के संस्था कार्यरत आणि ७५ टक्के मतदार उपलब्ध असल्याशिवाय आयोग निवडणूक घेत नाही. कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि प्रशासक आले. डिसेंबर २०२१ मध्ये परिषदेच्या कोल्हापूरच्या जागेची निवडणूक आली, तेव्हा जिल्ह्यातील सर्वांत मोठ्या शहराला एकही नगरसेवक नव्हता, म्हणून मतही नव्हते. तरी जिल्ह्याचा निकष भरला, निवडणूक जाहीर झाली आणि अमल महाडिक यांच्या माघारीनंतर सतेज पाटील बिनविरोध निवडून आले. सोलापूरचा निकष भरला नाही. तेथील जागा जानेवारी २०२२ पासून रिकामी राहिली. डिसेंबर २०२२ मध्ये सांगली-साताऱ्याचीही तीच गत झाली. स्थानिक निवडणुका रखडल्या त्या प्रभागरचना व इतर मागासवर्गीय आरक्षणाच्या वादामुळे. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी त्या चार महिन्यांत घेण्याचा आदेश दिला. ७५ टक्क्यांचा निकष स्वतः वाजवी आहे. पण स्थानिक निवडणूक लांबवली की परिषदेची जागाही आपोआप गोठते, हा त्याचा दुष्परिणाम आहे.

नामनिर्देशित १२ जागांना तर कोणतीच मर्यादा नाही. जून २०२० मध्ये रिकाम्या झालेल्या या जागांपैकी ७ ऑक्टोबर २०२४ मध्ये भरल्या गेल्या. आधीच्या मंत्रिमंडळाची यादी मागे घेण्याविरुद्ध कोल्हापूरचे सुनील मोदी यांनी केलेली याचिका उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली.

सुधारणेची दिशा

खर्चाचा आक्षेप गंभीर आहे. पदवीधर व शिक्षक मतदारसंघाची यादी नियमित निवडणुकीपूर्वी १ नोव्हेंबर या अर्हता दिनांकावर नव्याने करावी लागते. पदवी मिळून तीन वर्षे झाल्याचा, किंवा मागील सहा वर्षांत किमान तीन वर्षे माध्यमिक वा त्याहून वरच्या दर्जाच्या संस्थेत अध्यापन केल्याचा दाखला प्रत्येकाने पुन्हा जोडायचा असतो. नऊ महिन्यांच्या सदस्यत्वासाठी पाच जिल्ह्यांत हा खटाटोप करावा काय? पण ही अडचण मुख्यतः यादीची आहे, निवडणुकीची नाही. विधानसभेप्रमाणे स्थायी यादी ठेवून ती दरवर्षी अद्ययावत केली, तर एक वर्षाचा अपवाद सहा महिन्यांवर आणता येईल. कलम १६ मध्ये मुदत संपल्यानंतरची कमाल मर्यादा घालण्यास तर खर्चाची सबबही आड येत नाही. पुणे पदवीधर व शिक्षक या दोन्ही मतदारसंघांच्या डिसेंबर २०२० मध्ये निवडून आलेल्या सदस्यांची सहा वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये पूर्ण होते, आणि त्यानंतर जागा किती दिवस रिकामी राहू शकते याचे उत्तर कलम १६ मध्ये नाही.